‘मी बरी आहे’खालची लाल रेघ

गोडदेव, भाईंदर (पूर्व)
९ एप्रिल १९९५

प्रिय ममता,

नेहमीचे ‘चि. सौ.’ आज मुद्दाम गाळले आहे. ते लिहिताना हात आपोआप चालतो आणि मन दुसरीकडे जाते. आज मला त्याला कोठेही जाऊ द्यायचे नाही.

तुझे पत्र परवा मिळाले. सोबत माझे मागचे पत्र तू परत पाठवलेस, ‘मी बरी आहे’ या वाक्याखाली लाल रेघ ओढून, आणि समासात लिहिलेस, ‘बाबा, लिंग चुकले! आता लिहा दहा वेळा.’ तुला हसू आले असणार, आणि ते रास्तच आहे. वसतिगृहातून आलेली तुझी पत्रे मी अशाच रेघा ओढून तुला परत करत असे. मी मात्र ती रेघ पाहत खुर्चीत बसलो तो दूध करपल्याचा वास येईपर्यंत. त्याच पत्रात तू विचारले आहेस, की जूनपासून निहारला माझ्याकडे ठेवून येथील शाळेत घालू का. त्याचे उत्तर शेवटी देईन. तोवर ते निसटू नये म्हणून दौतीखाली ‘जून’ असे लिहिलेली चिठ्ठी ठेवली आहे.

चाळीस वर्षे मी छापखान्यात मुद्रिते तपासली. मराठीत क्रियापद शेवटी येते. तोवर कर्ता कोण, तो की ती, एक की अनेक, हे मनात धरून चालावे लागते. तेव्हाही माझे मन भटकत असे. डोळे ओळींवर आणि मन तुझ्या गोवरावर, घरातल्या रॉकेलवर. पण वाक्य कधी हातून सुटले नाही. दोन्हींना पुरेल एवढी जागा होती. आता मन जरा बाहेर पडले, की वाक्य सांडते. गेल्या आठवड्यात शेजारच्या हंसाबेनच्या दारात वाटी घेऊन उभा राहिलो आणि काय मागायला आलो ते आठवेना. ‘विरजण ना, काका?’ असे त्यांनीच विचारले, आणि मी हो म्हटले. मला वाटते, मी साखर मागायला गेलो होतो.

‘बरी’ कोठून आली, ते मात्र मला ठाऊक आहे. पत्र संपत आले की तुझी आई स्वयंपाकघरातून सांगे, ‘लिहा, मी बरी आहे.’ मी लिहीत असे. शेवटच्या चार महिन्यांत ती पलंगावरून तेच सांगे, आणि मी तेच लिहीत असे. वाक्य शुद्ध होते. त्यापलीकडे मी ते कधी तपासले नाही. तिला जाऊन दोन वर्षे झाली, तरी पत्राच्या अखेरीस माझा कान तिकडे जातो.

असे असूनही मी डॉक्टर गुणवंतभाईंकडे गेलो. त्यांनी पाच आकडे सांगून ते उलट क्रमाने म्हणायला लावले: सात, चार, नऊ, दोन, सहा. ‘सहा, दोन’ एवढे मी म्हटले, आणि तिसऱ्या आकड्याच्या जागी मला चिखलात रुतलेली एक लहान निळी चप्पल दिसली. आकडे गेले. ‘काका, मनाचा एक छोटा पाटी असतो,’ ते म्हणाले. ‘काम करताना त्याच्यावर लिहायचा, पुसायचा. मन फिरायला गेला, तर तोच पाटी बरोबर घेऊन जातो. तुमचा पाटी फुटला नाय. पण एवढा फिरायला जाता कुठे?’ पाटी स्त्रीलिंगी आहे, हे मी त्यांना सांगितले नाही. असे आयुष्यात प्रथमच घडले. त्यांच्या प्रश्नाचे उत्तरही दिले नाही.

तुला देतो. दिवाळीच्या सुट्टीत निहार आठ दिवस माझ्याकडे होता. एका सकाळी मी त्याला मुर्ध्याला मिठागरे दाखवायला नेले. खाडीलगत नवी इमारत झाली होती आणि शिडीवर चढून एक रंगारी तिचे नाव रंगवत होता: ‘आशिर्वाद’. शि ऱ्हस्व! मी थांबलो. त्याचे नाव विचारले; काशीनाथ. ‘अरे, तुझ्या स्वतःच्या नावातला शी दीर्घ, मग आशीर्वादातला ऱ्हस्व कसा?’ ‘काका, शेठनी चिठ्ठीवर दिलंय तसंच काढतोय. तुम्ही शेठलाच शिकवा ना!’ मला चेव आला. मी शब्दाची फोड करून सांगितली, आणि हवेत हात फिरवून दुसरी वेलांटी काढून दाखवली. निहारचे बोट त्याच हातात होते.

किती वेळ गेला, ते मी सांगू शकत नाही. टेरेझा नावाची एक कोळीण त्याला कडेवर घेऊन आली. तिला तो खाडीच्या कडेला गुडघाभर चिखलात उभा सापडला होता. ‘पोर तुमचा हाय ना, बाबा? मंग ध्यान कुटं हाय? भरती चढतेय, दिसत न्हाय?’ एक चप्पल तेथेच राहिली. तुला मी ‘चप्पल हरवली’ असे कळवले. त्या वाक्यात कर्ता चप्पल आहे. मी कोठेच नाही. आईला सांगू नकोस, असे निहारला बजावले होते. पाच वर्षांच्या मुलाने ते पाच महिने लक्षात ठेवले, हे तुझ्या पत्रावरून दिसते.

चिठ्ठी अजून दौतीखाली आहे. तुमच्या बदलीच्या गावी चांगली शाळा नाही, हे मी जाणतो. मला त्याची सोबत हवी आहे. शाळेतून प्रवेशाचा अर्जही मी आणून ठेवला आहे. तरी निहारला माझ्या एकट्यावर सोपवू नकोस. आधी तू ये, चार दिवस राहा, मला पाहा आणि मग ठरव. आईच्या वेळी तू माझ्या पत्रांवर विसंबलीस. पुन्हा तसे करू नकोस. मी बरा आहे. हे वाक्य मी तीनदा तपासले. लिंग, वचन, पुरुष, काळ, सर्व शुद्ध आहे. त्यापलीकडचे तपासायला तू ये.

लाल शाईला पात्र, तुझाच,
बाबा