नव्या ट्रान्सफॉर्मरनंतर राणी गेली कुठे

ती. दादांना सप्रेम नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? जिना चढता येतो का? इकडे आम्ही दोघं ठणठणीत. आजारी पडला तो तुम्ही घरी बनवून दिलेला, जुन्या रेडिओत असते तसल्या ट्यूबचा माईक. तुमची बहीण सध्या अंधशाळेतल्या मुलांसाठी एक गोष्टीचं पुस्तक रेकॉर्ड करते आहे (त्यातल्या राणीचं काम अंगात इतकं भिनलंय की घरी मला ती हुकूमच सोडते). ऐन रंगात असताना माईक आधी खरखरला आणि मग मुकाच झाला. रेकॉर्डिंगवाले मास्तर म्हणाले, आउटपुट ट्रान्सफॉर्मर गेला, म्हणजे ट्यूबमधला आवाज बाहेरच्या वायरीत उतरवून देणारी ती डबी. त्यांनी आपला माईक पुढे केला. ही म्हणाली, "वाचीन तर दादाच्याच माईकवर!" (हे तुम्हाला कळू द्यायचं नाही असं तिनं मला बजावलंय, तेव्हा कंसातलं आणि कंसाबाहेरचं दोन्ही वाचलं नाही असं समजा.)

तुम्हाला विचारावं, तर या माईकमधून आवाज बादलीतून आल्यासारखा येतो असं ती म्हणाल्यापासून तुमचा अबोला. तेव्हा नवी डबी मीच आणली. प्लग काढला, आतली वीज पुरती उतरू दिली आणि माईक उघडला. जुन्या डबीला चार रंगांच्या चार वायरी. नवीला चारही पिवळ्या! मीटर लावल्यावर आत येणारी जोडी कुठली, बाहेर जाणारी कुठली, एवढं कळलं. पण जोडीतली पहिली कोण आणि दुसरी कोण, हे मीटरलाही ठाऊक नव्हतं. जुळ्या बहिणीच त्या, कुठेही बसल्या तरी काय बिघडणार, म्हणून मी सोल्डर मारून मोकळा झालो.

आणि दादा, आवाज आला! स्वच्छ, भरदार. पण आज मास्तरांनी खबरदारी म्हणून त्यांचा माईक शेजारी ठेवला. तुमचा एकटा लावला, झकास. त्यांचा एकटा, झकास. दोन्ही एकदम लावले, तर राणी गायब! मागे नुसती चिलटासारखी गुणगुण. मी टेबलाखाली वाकून पाहिलं (काय शोधत होतो, कृपा करून विचारू नका). मास्तर म्हणाले, "तुमच्या माईकचा आवाज उलटा झालाय." मी म्हटलं, उलटा झाला तर राणी शेवटाकडून सुरुवातीकडे का बोलत नाही? मास्तरांनी कानावरचे हेडफोन काढून टेबलावर ठेवले. मग ही म्हणाली, "तुम्ही जरा बाहेर बसा." सध्या बाहेरच्या बाकावरून लिहितो आहे. एकात एक मिळवून शून्य कसं होतं, ते मला अजून उमगलेलं नाही.

तुमचा पुरता चक्रावलेला मेव्हणा

ता. क. तुम्ही एवढ्यासाठी यायची तसदी घेऊ नका. चार ओळी लिहून पाठवा, मी करतो.

आणखी ता. क. घ्याच तसदी. दारावरची घंटा वाजली की ही "दादा असेल" म्हणत उठते आणि परत येते ती नुसती दुधाची पिशवी घेऊन. हे मला बघवत नाही.

दादा, हे चहाला गेलेत, पत्र बाकावरच ठेवून. बाहेर जाणाऱ्या दोन वायरींची मी अदलाबदल केली. त्या उलट्या बसल्यामुळे एक माईक आवाज पुढे ढकलायचा तेव्हाच दुसरा मागे ओढायचा, म्हणून राणी गायब. दोन्ही माईक एकत्र छान चालतात. ह्यांना सांगणार नाहीये, नाहीतर हे पत्र फाडून टाकतील. पाकीट मीच चिकटवते. तू ये, ह्यांच्यासमोर माईक उघडून थोडा वेळ गंभीर चेहरा कर, आणि मग चांगला आठवडाभर राहा.