लाल गाडीचं कुंकू

२८ सप्टें., रवि.
प्रशांतने गाडी आणून अंगणात लावली. लाल, दोन दारांची स्पोर्ट्स कार, दोनच वर्षं वापरलेली. शाळेपासूनचा दोस्त, यवतमाळला जुन्या गाड्यांचा धंदा. "पाच दिस चालव. पटली त ठेव, तुही जुनी मले दे. नाई पटली त शुक्रवारी चावी वापस." माझी दुखरी नस त्याला बरोबर ठाऊक. आमची पांढरी सेडान सोळा वर्षांची. तिच्या शेजारी ही उभी. जेवताना तीनदा उठून पाहून आलो. आयुष्यभर बाभुळगावात लोकांच्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त केल्या. एखादी मोटार आपल्या हौसेची असू नये?

२९, सोम.
स. धामणगाव रोडला नेली. पाठ सीटला चिकटली. एकटाच हसत होतो. जुनीला चढावर विनवण्या कराव्या लागतात.
येताना गतिरोधकावर गाडीचं पोट घासलं. तो आवाज दिवसभर कानात. दुकानात एका मोटारीचं वायंडिंग चुकलं, सगळं उलगडलं. असं कधी होत नाही.

३०, मंगळ.
नंदाला बसवून बाजारात. बसली, पण उतरता येईना. सीट जमिनीला टेकलेली, त्यात तिचे गुडघे. दोन्ही हात धरून ओढलं. भाजीवाली बघत होती. नंदा म्हणे, "विहिरीतून काढून राह्यले का मले?" मी चिडलो. तिच्यावरच. कायले? जुनीतून तर ती आपली आपण उतरते.

१ ऑक्टो., बुध.
झोप नीट नाही. पानावर दोन रकाने पाडले. लाल: वेग, रंग, आवाज. जुनी: एसी बंद, डिक्कीत दोन मोटारी मावतात, नंदा. बायकोचं नाव डिक्कीखाली लिहिलेलं पाहून लाज वाटली. पान फाडलं.

२, गुरु. दसरा
दोन्ही गाड्या धुऊन आपट्याची पानं आणायला गेलो. लाल अजून प्रशांतची, पूजा फक्त जुनीची करायची, हे नंदाला सांगायचं राहिलं. येतो तो लाल गाडीवर कुंकवाचं स्वस्तिक, हार, चाकांखाली लिंबं, नारळसुद्धा फुटलेला.
"आपली नाई ना अजून ते."
"दारात उभी हाय. दसऱ्याच्या दिवशी तशीच ठेवू का?"
जुनीला नुसतं कुंकवाचं बोट. हार एकच होता म्हणे. सोनं द्यायला आलेला जो तो गाडीभोवती फिरून अभिनंदन करून गेला. मी कोणालाही खरं सांगितलं नाही. बरं वाटत होतं.

३, शुक्र.
दु. प्रशांतचा फोन. "पूजा झाली म्हंतेत. पक्कं समजू?" म्हटलं, संध्याकाळी सांगतो.
नंदाला विचारलं, तुला त्यात बसता येत नाही, मग पूजा काहून केली? म्हणाली, "त्या गाडीपाशी गेले का शिट्टी वाजवता तुमी. किती वर्सांनी आयकली."
उद्या तिला यवतमाळला गुडघ्याच्या डॉक्टरकडे न्यायचं आहे. कसं जायचं तेही तिनेच ठरवून टाकलं. "तुमी लाल गाडीनं या. मी बसनं येतो. बसमंधी धराले दांडा असते."
फडकं ओलं करून स्वस्तिक पुसायला गेलो. हात धजला नाही, परत आलो. सहा वाजले. फोन वाजतोय. फडकं वहीवरच ठेवलं, पान भिजतंय.