कानबाईचे रोट आणि हवामान न्याय

तीर्थरूप लीलाधर मामांच्या चरणी भाचा अभिमन याचा सोनगीरहून नमस्कार. मामींचे गुडघे आता कसे आहेत? इकडे देवीकृपेने सगळे उभे आहेत, एवढेच. श्रावण निम्मा सरला, तरी विहिरीत बादली सोडली की दगडाचाच आवाज येतो.

अशात मी हवामान न्याय मंचाच्या नादी लागलो. (बारा संस्थांनी मिळून केलेला मंच. पाऊस बिघडवला कोणी आणि भोगतो कोण, हे सरकारला विचारतात. माणसे भली आहेत, बैठका फार घेतात.) पुण्याच्या चारुलताताईंनी आपल्याच अंगणात बैठक मागितली. रविवारी कानबाई बसणार, सोमवारी विसर्जन, म्हणून मी मंगळवार दिला. चूक तिथेच झाली. सुरतेला पोटासाठी गेलेल्या चुलत भावांच्या नावानेही देवीच्या रोटांसाठी सव्वा-सव्वा मूठ गहू दळला होता. ते आलेच नाहीत, आणि रोट उरले. आपल्याकडची रीत तुम्ही जाणता: रोट संपेपर्यंत दुसरे काही शिजवायचे नाही, आणि रोट भाऊबंदांबाहेर द्यायचे नाहीत. गल्ली सगळी भाऊबंदांचीच, मग शेजारून तरी काय आणणार?

दुपारी पाहुणे भुकेने चुळबुळू लागले. आमच्या सारिकाची आई दारातून म्हणाली, "पाहुणास्ले काय मन्हं डोकं खावाले देऊ?" मी हात जोडून ताईंना सांगितले, घरात आहे ते देवीचे आहे, बाहेर देता येत नाही. त्यांचे डोळे भरून आले. "भाऊ, लाजू नका," म्हणाल्या, आणि कोणीतरी थंड चुलीचा फोटो काढला. (मी समजावत होतो. पण रडणाऱ्या माणसाला रीत कशी समजवावी?) दोन दिवसांत तो फोटो गावोगावच्या मोबाईलवर होता: 'श्रावणातही चूल विझलेली.' खाली माझे नाव, गावासकट.

असो. देवी बघते आहे. मामींना नमस्कार.

आपला,
अभिमन

ता. क. : तुम्ही जमवून दिलेले सारिकाचे स्थळ, जामनेरचे रुपचंदभाऊ, फोटो पाहिल्यापासून फोन उचलत नाहीत. उपाशी घरची मुलगी कोण करणार? मामा, पाया पडतो, स्वतः जाऊन सांगा, अभिमनच्या घरात वर्षाचे धान्य आहे.

पुन्हा ता. क. : मात्र दार लावून सांगा. त्या फोटोमुळे गावाला रोज टँकर येऊ लागला आहे. खरे सांगून तो बंद पाडावा का, हे मी देवीला विचारले. तोवर आपलेही दोन हंडे भरून घेतो. उद्या मंच मला धुळ्याला कलेक्टर कचेरीसमोर उपाशी शेतकरी म्हणून बसवणार आहे. सारिकाची आई म्हणते, निदान जेवून बसा.