शाळा की कांदा

ती. सावळीराममामांस,

तेजूचा लांबूनच, पण मनापासून वाकून नमस्कार. दुसऱ्या लसीनंतरचा तुमचा ताप उतरल्याचं आईकडून कळलं. गुडघा कसा आहे? मामी दुधाची पिशवी अजून साबणानं धुतात का? धुवू द्या, अडवू नका. नाशिक रोडला निदान साबणाचा उपयोग होतो. इकडे मी हात धुऊन शाळेच्या मागे लागलेय आणि शाळा काही उघडत नाही.

विंचूरच्या आतल्या वस्तीवरची माझी शाळा तुम्ही पाहिलीच आहे. मे महिन्यातल्या वादळात झुंबरभाऊंच्या कांदाचाळीचे पत्रे उडाले. झुंबरभाऊ म्हणजे आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष. त्यांनी आठ दिवसांपुरती सातवीची खोली मागितली. शाळा बंदच होती, मी हो म्हणून बसले (कपाळाला हात लावा, पण आधी सॅनिटायझर घ्या). तेव्हापासून सातवीत कांदा आहे. वर्षात प्रथमच या वर्गाची हजेरी पूर्ण भरली.

मग ग्रुपवर आदेश आला, सोमवारपासून शाळा सुरू, खोल्या रिकाम्या करा. झुंबरभाऊंच्या घरच्यांनी सगळा कांदा घमेल्यांनी बाहेर काढला, मी फवारणी करून घेतली, फळ्यावर सुविचार लिहिला. शनिवारी दुसरा आदेश आला, पुढील आदेशापर्यंत थांबा. कांदा परत आत. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच, फक्त या वेळी पालकांची संमती गोळा करून झाल्यावर थांबा म्हणाले. कांदा असा आत-बाहेर केला की दुखावतो, मग सडतो. केंद्रप्रमुखांना विचारलं की नक्की काय, तर ते म्हणाले, मॅडम, मी पण टीव्हीच बघतोय. शेवटी झुंबरभाऊ माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "बाई, येकदा काय ते सांगा. शाळा का कांदा?"

मला काय सांगता येणार, मामा? वरच्यांना माहीत नाही आणि खालच्यांना धीर नाही, मधल्यामध्ये मी.

आता हसणं बाजूला ठेवते. झुंबरभाऊंची सायली सातवीत आहे, नुकतं तेरावं लागलंय. त्यांच्या घराण्यात एक नेम आहे, शाळेत जाणाऱ्या पोरीचं लग्न काढायचं नाही. थोरलीच्या वेळी लोकांनी नावं ठेवली तरी त्यांनी तो दहावीपर्यंत पाळला, आणि त्याचा त्यांना अभिमान आहे. पण शाळाच जायची बंद झाली तर काय, हे नेम घालून देणाऱ्याला सुचलं नव्हतं. येवल्याकडचं स्थळ आलंय म्हणाले. मी कायदा सांगितला, पोलिसांचं नाव काढलं. ते म्हणाले, लगीन कुठं करतोय, नुसतं पाहायला येतायत. आणि मग शांतपणे म्हणाले, "बाई, पोरगी घरी नाय बसली. शाळाच बसलीय." घरातला एकुलता फोन बापाबरोबर मार्केटला जातो, त्यामुळे ऑनलाइन शाळा सायलीनं फक्त ऐकलेली आहे.

पाहुणे सोमवारी यायचे होते. रविवारी सकाळी तिसरा आदेश आला, उद्यापासून शाळा. झुंबरभाऊंनी मला ऐकू जाईल इतपत शिव्या दिल्या, पण नेम तो नेम. पुन्हा कांदा निघाला. चाळीला पत्रे नाहीत, म्हणून तो ओसरीत, बाहेरच्या खोलीत, जिथे जागा मिळेल तिथे ओतला. पाहुणे आले तर टेकायला जागा नाही. मुलाची आई धोंडाबाई, हाडाची शेतकरीण, सडका कांदा बघून तिचा जीव राहीना. पदर खोचून ती निवडायलाच बसली आणि सगळी वरात तिच्यामागे. चहापोहे राहिले बाजूला. सायली दप्तर पाठीला लावून बाहेर आली, सगळ्यांच्या पाया पडली आणि शाळेत निघून आली. दिवेलागणीला धोंडाबाई हात धुऊन म्हणाली म्हणे, शाळा चालू असलेली पोरगी कशी बघायची, बंद झाली की कळवा.

शाळेत दिवसभर सायली आणि मी, दोघीच. बाकीच्या पालकांचा आदेशांवरचा विश्वास केव्हाच उडालाय. मी तिला भागाकार घातला. पूर्वी तोंडी करायची ती पोर. आता हातचा विसरली, मग रडली, मग मीही.

मामींना नमस्कार. वाफ घेत जा.

तुमची भाची,
तेजस्विनी

ता. क. तिसरा आदेश कुठूनच आला नव्हता. तो मीच दिला. आईला सांगू नका.

ता. क. दुसरा. खरं काम हे आहे. शाळा एकच दिवस भरली म्हणून झुंबरभाऊंना आता संशय आलाय आणि माझा आवाज ते ओळखतात. तुमचा ओळखत नाहीत. नोटांच्या प्रेसच्या युनियनमध्ये तुमच्या आवाजानं साहेबलोक उठून उभे राहायचे, असं तुम्हीच सांगता. झुंबरभाऊंचा नंबर मागच्या बाजूला लिहिलाय. फोन करून एवढंच म्हणायचं, "सोमवारपासून शाळा सुरू." कुठून बोलताय ते सांगू नका, इथे तसंही कोणी सांगत नाही.

ता. क. तिसरा. हे पत्र चिकटवताना सायली आली. तिला सगळं कळलंय. मला वाटलं, आता चिडेल. ती म्हणाली, "बाई, पुढल्या सोमवारी पण खोटी शाळा भरवाल ना?" मी हो म्हटलंय, मामा.