माझ्या पश्चात जनरेटर अंगणातच राहील

मी, आर्डिस ट्वेटन, कै. ऑरिन ट्वेटन यांची पत्नी, राहणार हेरॉन तळ्याचा उत्तर काठ, मिनेसोटा, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे, हात स्थिर आहे आणि हा कागद लिहायला मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट वकीलबाई म्हणत होत्या की तुम्ही लिहू नका, आम्ही लिहितो. पुढच्या आठवड्यात डुलुथला माझे हृदय उघडणार आहेत. जन्मभर मी लोकांची इंजिने उघडली, आता माझी पाळी. उघडलेले प्रत्येक इंजिन पुन्हा सुरू होतेच असे नाही, हे मला पक्के ठाऊक आहे, म्हणून ही व्यवस्था. याआधी मी एकच मृत्युपत्र केले होते. त्यात सगळे ऑरिनला दिले होते, पण तो आधी गेला. ते रद्द समजावे.

१. राहते घर, आतल्या सामानासह, माझी भाची कॅरिन हिला द्यावे. जेवणाच्या टेबलावर काळे डाग आहेत ते पुसायच्या भानगडीत पडू नये. ऑरिन तिथे कार्ब्युरेटर खोलून बसायचा, एकदा तर सणाच्या टर्कीशेजारी. मी ओरडले तर म्हणाला, "ही पण आतून साफ करायची, तो पण आतून साफ करायचा, भांडतेस कशाला?"

२. बँकेतल्या शिल्लकेतून माझा अंत्यविधी व्हावा. नंतर चर्चच्या तळघरात जी कॉफी देतात ती त्या दिवशी तरी कडक असावी. एरवी तिच्यातून कपाचा तळ दिसतो.

३. बर्फ उडवायच्या यंत्राचे तोंड तुंबले की ते मोकळे करायची माझी लाकडी काठी डेल्मर होव्हडे याला द्यावी. त्याला आठच बोटे पूर्ण आहेत. दोन बोटांची टोके त्या यंत्रात गेली. त्याचे म्हणणे, "अगं, इंजिन बंद केलं होतं मी!" बंद केले होते हे खरेच आहे. पण तुंबलेल्या पात्यांत जोर अडकून राहतो आणि बर्फ सुटला की ती एकदा गर्रकन फिरतात, हे मी त्याला यंत्र विकतानाच सांगितले होते. तेव्हा तो माशांच्या गप्पा मारत होता. आता काठी घे, डेल्मर, आणि उरलेली सांभाळ.

४. पेट्रोलचे दोन्ही लाल डबे चर्चचे गवत कापणाऱ्या मंडळींना. डबा गाडीच्या मागच्या हौद्यात ठेवून भरू नये, जमिनीवर ठेवून भरावा. तापलेल्या यंत्रात पेट्रोल ओतू नये, ते निवेपर्यंत सावलीत बसावे. पात्याला हात लावण्याआधी स्पार्क प्लगची वायर काढावी. हे सगळे प्रार्थनेने भागत नाही. पास्टरांनाही हे मान्य आहे.

५. माझे इंजिन दुरुस्तीचे दुकान, शेड, हत्यारे आणि गिऱ्हाइकांची पडून असलेली यंत्रे यांतले काहीही माझा धाकटा भाऊ लायल स्कार याला मिळू नये. एक पानासुद्धा नाही.

कारण लिहून ठेवते, म्हणजे मागाहून कोणी मला दुष्ट म्हणायला नको. लायलचे घर आणि माझे घर एकाच अंगणात समोरासमोर आहे. गेल्या ऑक्टोबरात ओल्या बर्फाचे वादळ आले, तारा तुटल्या, सगळ्या काठाची वीज गेली. ऑरिन तेव्हा पुढच्या खोलीत अंथरुणाला खिळलेला होता. सकाळी मी लायलकडे कॉफीचा थर्मास घेऊन गेले. दार वाजवले, कोणी येईना. गॅरेजमधून इंजिनाचा दबका आवाज येत होता आणि गॅरेजचे दार वीतभर वर होते.

वीतभर! पूर्ण उघडे असते तरी जनरेटरच्या धुरातला विषारी वायू घरात शिरलाच असता. त्याला रंग नाही, वास नाही. डोके दुखते, माणसाला वाटते ताप येतोय, तो जरा आडवा होतो आणि उठत नाही. लायलला हे माहीत नव्हते असे कोणी म्हणू नये. दर शनिवारी माझ्या दुकानात उभा राहून हाच लायल लोकांना सांगायचा, "जनरेटर घरापासून लांब, खिडकीपासून लांब. गॅरेजमध्ये तर नाहीच नाही."

मी दार वर लोटले, इंजिन बंद केले, घराची दारे उघडली आणि श्वास कोंडून आत गेले. मर्ना, म्हणजे त्याची बायको, न्हाणीघराच्या दाराशी पडली होती. लायल स्वयंपाकघरात, खुर्चीसकट. दोघांचे गाल गुलाबी होते, त्या वायूने मरणाऱ्यांचे होतात तसे. त्या रंगाने माझी बोबडी वळली. ती आजही नीटशी सुटलेली नाही.

दोघांना ओढून बर्फात आणले. रुग्णवाहिका आली. पास्टरांना बोलावून ऑरिनजवळ बसवले आणि मी तिच्यात चढले, कारण दोघांचे दुसरे कोण होते? दुपारी इस्पितळात लायलने डोळे उघडले, आणि त्याच सुमाराला इकडे ऑरिनने मिटले. लग्नाच्या नवऱ्याला मी शेवटचे पाणी पाजू शकले नाही. हातात हात होता तो पास्टरांचा.

मी लायलला एकच प्रश्न विचारला होता. "का रे? तुला माहीत असून का?"

तो छताकडे बघत म्हणाला, "चुकलं."

बस, एवढेच. मी म्हटले, "कुत्र्याला कळतं तेवढं तुला कळू नये?" तर म्हणाला, "नाही कळलं." त्यानंतर मी त्याच्याशी बोललेली नाही. एका अंगणात राहून सबंध हिवाळा आम्ही एकमेकांच्या पावलांच्या खुणा चुकवत चाललो.

वरचा मजकूर मंगळवारचा आहे. इथून पुढचा बुधवारचा. वकीलबाई म्हणतील, नवा कोरा कागद घ्या. मी घेणार नाही. पाचवे कलम मी आडवी रेघ मारून रद्द करत आहे, पण ते वाचता आले पाहिजे.

काल संध्याकाळी मर्ना हॉटडिशचे भांडे घेऊन दारात आली. वरून बटाट्याचे गोळे, खाली खिमा, नेहमीचेच. "आत येत नाही मी," म्हणाली. मी म्हटले, ये. "नको, तुला कामं असतील." ये गं. "नको, बूट ओले आहेत." तिसऱ्यांदा म्हटल्यावर आली. आमच्याकडे दोनदा नाही म्हटल्याशिवाय कोणी उंबरा ओलांडत नाही.

तिने टेबलावरचा कागद पाहिला. "लायलचं काय केलंस?"

"काही नाही दिलं."

"बरोबर आहे तुझं," ती म्हणाली आणि भांड्यावरचा कपडा उगाच नीट करत राहिली. मग म्हणाली, "त्यानं मला शपथ घातलीय. पण उद्या तुझं काही झालं तर ही शपथ घेऊन मी कुठं जाऊ?"

"कसली शपथ?"

"जनरेटर बाहेरच होता, आर्डिस. ढकलत ढकलत पार अंगणाच्या टोकाला नेला होता त्यानं, तू शिकवलंस तसा. इंजिन सुरू करायची दोरी हातात धरली आणि तसाच उभा राहिला, तुमच्या खिडकीकडे बघत. मला म्हणाला, 'मर्ना, हा सुरू झाला की ऑरिन उठेल.'"

इथे एक गोष्ट सांगायला हवी. शेवटच्या महिन्यात ऑरिनला कुठल्याही इंजिनाचा आवाज सहन होत नसे. त्रास होई म्हणून नाही, गिऱ्हाईक आले असे वाटे म्हणून. "चोक अडकलाय त्याचा, बघतो जरा," असे म्हणून तो उठायला जाई. पायांत जीव तर उरला नव्हता. एकदा लायल गवताच्या यंत्राने अंगणातली पाने कापत होता, तर ऑरिन पलंगावरून खाली कोसळला. त्याला उचलायला लायलच धावत आला होता. माझा भाऊ रडताना मी त्या दिवशी प्रथम पाहिला.

"मग आमच्याकडे का नाही आलात?" मी मर्नाला विचारले. "माझी चूल पेटलेली होती!"

"मी म्हटलं त्याला. म्हणाला, 'घरात आजारी माणूस, आपली कुठं गर्दी? घटकाभर आत लावतो, घर जरा तापलं की बंद करतो.' तो घटकाभराचाच हिशेब होता गं. मग डोकं जड झालं."

"आणि इस्पितळात बोलला का नाही?"

"ऑरिन गेला होता ना. म्हणाला, 'आता हे सांगितलं तर ती स्वतःला बोल लावील. मला मूर्ख म्हणू दे, ते हलकं आहे.'"

मी हादरले आहे. आज सकाळी हे लिहीत असतानाही हादरलेलीच आहे. माणसे निष्काळजीपणाने मरतात, पिऊन मरतात, घाईने मरतात, हे सगळे मी पाहिले आहे. पण शेजारच्याची झोप मोडू नये म्हणून, कोणाला आपला त्रास नको म्हणून, स्वतःच्या हाताने स्वतःचे घर विषाने भरायचे? आणि आम्ही याला चांगले वळण म्हणतो, पोरांना हेच शिकवतो!

६. सबब दुकान, शेड, हत्यारे, सगळे काही लायल स्कार यालाच द्यावे. अट एकच. जो कोणी जनरेटर न्यायला येईल त्याला लायलने स्वतःच्या तोंडाने सांगावे की मी तो गॅरेजमध्ये लावला होता, दार वर होते, तरी मी आणि माझी बायको जमिनीवर पडलो. आणि काठाची वीज गेली की त्याने दारोदार जाऊन आवाज कुठून येतो ते बघावे. लोक वैतागतील. वैतागू देत. त्याने उरलेला जन्म सगळ्यांना भरपूर त्रास द्यावा अशी माझी इच्छा आहे. जनरेटर अंगणात चालेल, त्याचा खडखड आवाज सगळ्या काठाला ऐकू जाईल, आणि त्याबद्दल कोणी माफी मागणार नाही.

७. एक वस्तू मालमत्तेत मोडत नाही. ती माझ्याकडे होती आणि ती मी लायलला आज जिवंतपणीच दिली, याची नोंद असावी.

सकाळी मी अंगण ओलांडून गेले. तो लाकडे रचत होता. मी म्हटले, "मर्नानं सांगितलं."

"तिनं सांगायला नको होतं."

"गाढव आहेस तू."

"आहे."

"माझ्या चुलीपाशी दोघांना जागा नव्हती?"

"होती गं. पण तुम्ही दोघंच होता."

तो पुन्हा लाकडांकडे वळला. मी तिथेच उभी राहिले. माझ्याकडे पाठ ठेवूनच त्याने विचारले, "झोपला होता का तो? त्या रात्री?"

सबंध हिवाळा हा प्रश्न पोटात ठेवून तो माझ्या समोरच्या घरात राहत होता. मी त्याच्याशी बोलतच नव्हते, तर तो विचारणार कोणाला?

मी सांगितले. "झोपला होता, लायल. महिन्याभरात पहिल्यांदा. माझा हात धरून सकाळपर्यंत झोपला, कूससुद्धा बदलली नाही. मला वाटलं, बर्फामुळं सगळं गप्प आहे."

लायलच्या हातातले लाकूड खाली पडले.

लिहून देणार: आर्डिस ट्वेटन

वरील सही बाईंनी आम्हां दोघांच्या देखत, पूर्ण शुद्धीवर राहून केली. पाचव्या कलमावरची रेघही त्यांनीच मारली. आम्हांला या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही.

साक्षीदार: पास्टर नील्स ओमोट
साक्षीदार: ग्लेनिस क्विस्ट, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी

स्थळ: हेरॉन तळे, उत्तर काठ
गुरुवार, २१ मार्च २०१९