‘कोरडी विहीर’ हा पत्ता डेकमधून वगळण्याबाबत

मी, जालिंदर सोपान सरवदे, वय ७३, निवृत्त टपाल कर्मचारी, राहणार बुधवार पेठ, सोलापूर, हे लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. मला कोणी धाक घातलेला नाही. घातला असता तरी उपयोग झाला नसता, हे गावाला माहीत आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझे सर्व मुलाला जाईल असे धरून चाललो होतो. मुलगा प्रदीप दोन वर्षांपूर्वी टेंभुर्णीजवळ अपघातात गेला.

१. राहते घर पत्नी नागूबाई हिचे. तिच्यामागे सून सोनाली हिचे. सोनालीने पुन्हा लग्न केले तरी घर तिचेच राहील. भावकीने यात बोलू नये. बोलायचेच असेल तर मी जिवंत असताना समोर येऊन बोलावे.

२. बँकेतील ठेव नागूबाईची. तिने ती देवळाला, बाबाला किंवा भाच्याला देऊ नये, अशी विनंती. हुकूम केला तर ती मुद्दाम देईल.

३. पुस्तके वस्तीच्या वाचनालयाला. कपाटाला कुलूप लावल्यास देणगी रद्द. पुस्तके हरवली तर हरवू द्यावीत.

४. मनगटी घड्याळ जयंती मंडळाचे सचिव बिभीषण यांना. माझ्या प्रत्येक भाषणात ‘वेळ संपली’ अशी चिठ्ठी त्यांनी पाठवली. माझ्या शोकसभेत त्यांना घड्याळ लागेल.

५. प्रदीपचा पत्त्यांचा डेक नात मनाली हिला. हा खेळ दोघांत चालतो, प्रत्येकाचे चाळीस पत्ते. त्यात ट्रॅप कार्ड असते. ते पालथे ठेवायचे आणि समोरच्याने ठरावीक चाल केली की उलटायचे. प्रदीप गेल्यावर मनालीशी काय बोलावे ते मला सुचेना, म्हणून मी हा खेळ शिकलो. प्रदीपच्या शोकसभेत मी तासभर बोललो होतो. त्यानंतर मला विशेष काही वाटलेले नाही. जेवतो, वाचतो, खेळतो.

६. याच डेकमधील ‘कोरडी विहीर’ हे ट्रॅप कार्ड मनालीला देत नाही. कारणे लिहितो.

समोरच्याने एकाच पाळीत प्राण्यांचे तीन पत्ते उतरवले, तर हा पत्ता तिन्ही प्राणी त्याच्या हातात परत पाठवतो. ऐकायला जबर. पण सोलापुरात तीन-तीन उतरवणारे थोडे, आणि त्यांना हा डेक पाठ आहे. ते दोनच उतरवतात, आणि त्यांना दोन पुरतात. आपण हरत असताना समोरच्याला तीन उतरवायची गरज नसते. आपण जिंकत असताना आपल्याला विहिरीची गरज नसते. मनाली म्हणते, पालथा पत्ता पाहूनच समोरचा बिचकतो. खरे आहे. पण तो कोणत्याही पालथ्या पत्त्याला बिचकतो. ते श्रेय विहिरीचे नाही.

कुर्डुवाडीच्या स्पर्धेत प्रदीपने याच पत्त्यावर अंतिम सामना मारला होता. ती गोष्ट मी शोकसभेत सांगितली आणि सभा रडवली. तेव्हापासून पत्त्याचे मोल चढले. एका विजयावरून पत्ता जोखता येत नाही.

जिथे हा खेळ चालतो त्या दुकानाचे मालक बसलिंगप्पा म्हणाले, “साहेब, फ्रेम करू. दुकानात लावू. पुण्यतिथीला हार घालू.”

“आणि उद्या नारळ फोडाल.”

“फोडू की.”

वस्तूंना हार घालू नका, हे मी चाळीस वर्षे चौकाचौकात सांगितले. माझ्या मुलाच्या पत्त्याला सूट नाही.

मनालीला हे पटवले. सगळे मुद्दे ऐकून ती म्हणाली, “आजोबा, बरोबर हाय तुमचं. पण बाबांनी ठेवलाय तो. मी न्हाई काढणार.”

नागूबाई म्हणाली, “कागदाच्या तुकड्यापायी जेवण गार करताय. उटा की.”

मनाली त्या पत्त्यासह खेळते आणि हरते. मी स्वतः दोनदा तो पाकिटातून काढला आणि परत ठेवला. तिच्या हातून हे होणार नाही, म्हणून ते कायद्याने व्हावे. पत्ता बसलिंगप्पा यांना द्यावा. त्यांनी तो फ्रेम न करता, नवे खेळाडू चाळतात त्या खोक्यात टाकावा. ज्याला हवा त्याने उचलावा.

७. वरील मजकूर साक्षीदारांना वाचून दाखवला. साक्षीदार बिरप्पा, माझे टपालातले जुने सहकारी, म्हणाले, “आरं जालिंदर, हे तू मेल्यावर लागू हुणार. तवर पोरीनं हरत बसायचं व्हय?”

मनालीची पुण्याची स्पर्धा पुढच्या महिन्यात आहे. मी तोवर मरण्याची खात्री डॉक्टर देत नाहीत.

म्हणून आज, दोन्ही साक्षीदारांसमक्ष, मी तो पत्ता डेकमधून काढला आणि बिरप्पांच्या सदऱ्याच्या खिशात घातला. जाताना ते बसलिंगप्पांकडे देतील. कलम ६ मधील वाटप त्यामुळे रद्द, कारणे कायम. मनाली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने अडवले नाही. डेकमध्ये आता एकोणचाळीस पत्ते आहेत. चाळिसावा कोणता, हे तिने ठरवावे. त्याबाबत माझे मत आहे. ते मी येथे लिहीत नाही.

वाचून, समजून सही केली.

सही: जालिंदर सोपान सरवदे

साक्षीदार, ज्यांनी माझी सही होताना पाहिली व माझ्यासमोर सह्या केल्या:
१. बिरप्पा माने, निवृत्त टपाल कर्मचारी
२. चन्नम्मा हिरेमठ, शेजारी, निवृत्त शिक्षिका

सोलापूर, दि. ९ नोव्हेंबर २०२५