‘उपचारास नकार’ असे न लिहिण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
चिम्बालांगा जिल्हा रुग्णालय, मलावी.

विषय : माझ्या दिवंगत आईचे फिजिओथेरपी कार्ड ‘बरी झाली’ या कारणाने बंद करण्याबाबत.

संदर्भ : १. कार्ड क्र. ४१७, लिडेस माकावा.
२. वडिलांसाठी सोबत्याच्या चिठ्ठीचा माझा अर्ज, तीन वेळा परत आलेला.

महोदय,

१९ मे रोजी सकाळी मी आईबरोबर गावच्या हातपंपावर गेले होते. फेब्रुवारीत त्याच पंपापाशी चिखलात घसरून तिचा खांदा निखळला होता. खांदा बसवला गेला, पण गळ्यात बांधलेली हाताची झोळी निघाल्यावर हात छातीच्या वर जाईना. आपले फिजिओथेरपिस्ट श्री. न्योंडो यांनी तिला पहिल्याच दिवशी विचारले, “आई, या हाताने तुम्हाला काय करायचंय?” ती म्हणाली, “बादली स्वतःच डोक्यावर चढवायची आहे. कोणी हात लावायला येईल म्हणून पंपाशी ताटकळायचं नाही.”

तेव्हापासून ती रोज दाराशेजारच्या भिंतीवर बोटे चालवत हात वर नेई आणि जिथे बोटे थांबत तिथे मी कोळशाने खूण करी. दुखले की ती श्री. न्योंडो यांच्या नावाने बोटे मोडी. “त्या पोराला म्हणावं, तूच ये आणि चढ भिंतीवर.” पण व्यायाम एक दिवसही चुकला नाही. अकराव्या आठवड्यातली खूण दाराच्या चौकटीच्या वर गेली.

दुसऱ्या दिवशी, २० मे रोजी, ती झोपेतून उठली नाही. हृदय बंद पडले, असे आरोग्य केंद्राने सांगितले.

त्यानंतर पाणी वडील आणू लागले. ९ जूनला ते भरलेल्या डब्यांसह सायकलवरून पडले आणि त्यांचा घोटा मोडला. २१ जुलैला प्लास्टर निघाले. घर चौदा किलोमीटरवर असल्याने त्यांना व्यायामासाठी पुरुष वॉर्डात ठेवले आहे. घोटा रोज तीनदा हलवला पाहिजे आणि तो कसा धरायचा हे सोबत्याने सकाळच्या वर्गात शिकून घेतले पाहिजे, असे श्री. न्योंडो सांगतात. मी त्यांची एकुलती एक मुलगी. परंतु आईच्या कार्डावर सोबती म्हणून माझे नाव आहे, आणि एक कार्ड उघडे असताना दुसऱ्या रुग्णासाठी वॉर्डात राहण्याची चिठ्ठी मिळत नाही. चौदा दिवस झाले. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाची बहीण वडिलांना मक्याच्या पिठाची न्सिमा भरवते. भेटीच्या अर्ध्या तासात मी पाहते, पाय दर दिवशी थोडा अधिक आखडलेला असतो.

कार्ड बंद करायला तीनच कारणे आहेत : बरी झाली, अन्यत्र गेली, उपचारास नकार. मी गावच्या मुखियाने दिलेले आईच्या मृत्यूचे पत्र नेले तेव्हा नोंदणी क्लार्क श्री. माटेकेन्या म्हणाले, “वॉर्डात गेल्या असत्या तर वॉर्डाने लिहिलं असतं. घरी गेलेल्यांचा रकाना नाही, बाई.” ‘अन्यत्र गेली’ यासाठी तेथील रुग्णालयाचे नाव लागते. ‘बरी झाली’ यासाठी रुग्णाने फिजिओथेरपिस्टसमोर हात डोक्यावर न्यावा लागतो. श्री. माटेकेन्या वाईट माणूस नाहीत. त्यांनी पेन माझ्यापुढे सरकवले. “नकार लिहा. आत्ता चिठ्ठी देतो.”

वडीलही तेच म्हणाले. “लिहून टाक, एनिफा. तुझ्या आईला कुठे वाचता येत होतं.”

मी म्हटले, “मला येतं, बाबा.”

महोदय, दोन शब्द लिहिले की वडिलांचा पाय मोकळा होईल, हे मला समजते. हा अर्ज पूर्ण होईपर्यंत मी ते दोनदा लिहून खोडले आहेत. पण तिने नकार दिला नव्हता. उलट, १९ मे रोजी पंपापाशी दुसरे कोणीही नसताना तिने दहा लिटरची बादली दोन्ही हातांनी उचलून डोक्यावर ठेवली, आणि माझ्याकडे पाहिले. मी एवढेच म्हणाले, “सांडतंय बघ.” ती बादली सावरत घराकडे चालू लागली.

हात डोक्यावर गेल्याचे श्री. न्योंडो यांनी पाहिले नाही, मी पाहिले. नोंदणीकृत सोबत्याची तोंडी साक्ष क्लार्कसमोर घेता येते, असे नोंदणीच्या खिडकीवरील फलकावर नववे कलम आहे. ती साक्ष ग्राह्य धरून कार्ड बंद करावे व वडिलांची चिठ्ठी उद्या सकाळच्या वर्गापूर्वी द्यावी, ही विनंती.

आपल्या निर्णयाची खिडकीबाहेरच्या बाकावर वाट पाहणारी,
एनिफा माकावा
शिक्षिका
४ ऑगस्ट

सोबत :
१. मुखियाचे पत्र.
२. भिंतीवरच्या खुणांच्या मापाची दोरी, दर आठवड्याची एक अशा अकरा गाठी.
३. तोंडी साक्ष, श्री. माटेकेन्या यांच्यासमोर उभे राहून मोठ्याने वाचलेली :

“आई, तुझा हात वर पोचला होता. मी पाहिलं. पाणी थेंबभरच सांडलं होतं. किती छान उचललीस गं.”